प्लेन गेलं

सकाळपासून कोशकारांच्या घरात दोघांची दोन कामं चालली होती. बायको मागच्या खोलीत पलंगावरची चादर तिसऱ्यांदा बदलत होती आणि कोशकार पुढच्या खोलीत प्रेसमधून येणाऱ्या फोनची वाट बघत येरझाऱ्या घालत होते. दोघांचेही प्राण कंठाशी आले होते, फक्त कारणं वेगळी होती.

बायकोची आई त्या दिवशी विमानानं येणार होती. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही एकटी. मुलगा तिकडच्या विमानतळावर बसवून देणार, मुलगी इकडे उतरवून घेणार, मधलं आकाश तेवढं त्यांचं त्यांनी पार करायचं. ही विमानाची कल्पना कोशकारांची. सकाळी सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी मुलीला गुडघ्याबद्दल सांगितलं, सुनेबद्दल सांगितलं, बॅगेच्या एका चाकाबद्दल सांगितलं, आणि मग पुन्हा गुडघ्याकडे वळल्या. मुलीच्या एका हातात झाडू होता. ती वैतागून म्हणाली, "आई, पुरे गं! किती रडगाणं लावशील?" पलीकडून "बरं" एवढंच आलं आणि फोन बंद झाला. ते "बरं" तेव्हापासून तिच्या घशात अडकून बसलं होतं.

कोशकारांचं दुःख मात्र इंग्रजी होतं. कित्येक वर्षं ते एका जाडजूड इंग्रजी-मराठी कोशाचं काम करत होते, इतकी की बिल्डिंगमधल्या लोकांना त्यांचं खरं नाव पाटी वाचल्याशिवाय आठवत नसे. त्या दिवशी कोशाचं एक पान छपाईला जायचं होतं आणि त्या पानावर त्यांचा एक लाडका शब्द होता. 'प्लेन'. साधं, सपाट या अर्थाचा नव्हे आणि आकाशात उडणारंही नव्हे. हे एक जुनं क्रियापद होतं. जुन्या काळचे इंग्रज शोक करायचे, गाऱ्हाणं सांगायचे, तेव्हा हा शब्द वापरायचे. आता त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. त्याला मराठी प्रतिशब्द शोधताना कोशकारांनी विलाप, आक्रोश, कुरकुर सगळं चाखून पाहिलं होतं, आणि शेवटी 'ऊर बडवणे' सुचलं तेव्हा आनंदाच्या भरात चहाचा कप स्वतः विसळून ठेवला होता. बायकोनं त्या दिवशी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला होता.

पण संपादकांचा त्या नोंदीच्या जागेवर डोळा होता. त्याच पानावर पुढे विमानाचं चित्र यायचं होतं, आणि संपादकांना चित्रं फार प्रिय.

फोन वाजला तेव्हा बायको मागच्या बाल्कनीत उशीचे अभ्रे झटकत होती. पुढच्या दारात शेजारच्या नर्सबाई उभ्या होत्या. त्या हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या होत्या, पण सेवेतून झाल्या नव्हत्या. उसना नेलेला स्टूल परत करायला त्या आल्या होत्या. संपादकांना कमी ऐकू येई, त्यामुळे कोशकार त्यांच्याशी नेहमी ओरडूनच बोलत. नर्सबाईंना एकच बाजू ऐकू आली, पण ती अख्ख्या मजल्याला ऐकू जावी अशी होती.

"काय? प्लेन गेलं?" कोशकार ओरडले. "अहो, असं कसं गेलं? सकाळपर्यंत तर होतं!"

नर्सबाईंच्या हातातला स्टूल तिथेच थांबला.

"म्हणजे काहीच उरलं नाही? एक ओळसुद्धा नाही?... म्हातारं झालं होतं म्हणून काय झालं? म्हातारं झालं की जगायचा हक्क संपतो का?... हो, हो, त्या विमानापायीच गेलं, कळतंय मला! मी तुम्हाला तेव्हाच सांगत होतो, हे विमान आपल्याला भोवणार!... नाही, नाही, आता मला शांत व्हा म्हणू नका. मी निघालोच. मी येईपर्यंत तिथलं काही हलवू नका!"

कोशकारांनी मोबाइल टेबलावर टाकला, एका पायात बूट आणि एका पायात चप्पल चढवली, आणि वाटेत नर्सबाई उभ्या आहेत हे त्यांच्याकडे बघूनसुद्धा न बघता जिना उतरून गेले. बायको अभ्रे घेऊन बाहेर आली.

"हे कुठे पळाले?"

नर्सबाईंनी आयुष्यभर अनेकांना वाईट बातम्या सांगितल्या होत्या. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. आधी माणसाला बसवायचं, मग पाणी द्यायचं, मग नाडी धरायची. त्यांनी स्टूल पुढे केला.

"बस जरा."

"मला कुठे वेळ आहे बसायला! आईची खोली—"

"बस म्हणते ना. पाणी पी." नर्सबाईंनी तिचं मनगट हातात घेतलं. "आईंचं विमान कधी सुटणार होतं?"

"सुटलं असेल की आत्ताच. का हो?"

नाडी मोजता मोजता नर्सबाईंचे डोळे भरून आले. ती नाडी ताबडतोब दुप्पट वेगानं पळायला लागली.

एकेक शब्द बाहेर यायला थोडा वेळ लागला. 'प्लेन गेलं' हे आलं, 'विमानापायी' हे आलं, 'काही हलवू नका' हे तर नर्सबाईंनी कोशकारांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. बायको दगडासारखी बसली. मग एकदम उठली आणि भावाला फोन लावला. फोन लागला, तेव्हा तिच्या तोंडून जेमतेम आवाज फुटला.

"दादा... प्लेन गेलं का रे?"

पलीकडून एक लांब उसासा ऐकू आला. "तुला कुणी सांगितलं?"

"ह्यांना फोन आला होता."

"त्यांनाही कळलं? कमाल आहे. हे बघ, तू आता रडारड करू नकोस. गेलं. माझ्या डोळ्यांदेखत गेलं. मी काचेतून नुसता बघत राहिलो गं. काही करता आलं नाही."

"आणि आई?"

"आईचं काय सांगू आता तुला..." दादाचा आवाज खोल गेला. "चूक माझीच आहे. मी तिला एकटीला सोडायलाच नको होतं. तिथे त्या—"

आणि फोन बंद पडला. तिनं पुन्हा लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. तिनं दोन्ही हातांनी ऊर बडवून घेतला आणि असा हंबरडा फोडला की खालच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी तोंडावरचा दाढीचा फेस तसाच ठेवून वर आले. त्यांना कळलं, तसे ते खाली गेले, फेस पुसून चार खुर्च्या घेऊन आले, पुन्हा खाली गेले.

"आईला मी म्हटलं, रडगाणं पुरे!" बायको हुंदके देत होती. "शेवटचं काय बोलले मी आईशी? रडगाणं पुरे! आणि ती बरं म्हणाली हो, नुसतं बरं म्हणाली!"

"मला नेऊन सोडा विमानतळावर," असंही ती मधेच उठून म्हणाली. नर्सबाईंनी तिला खांद्याला धरून बसवलं. "ते गेलेत ना. पुरुषमाणसाला बघू दे आधी. तिथलं दृश्य तू बघू नयेस."

परत वर आलेल्या सेक्रेटरींनी टीव्ही लावला. टीव्हीवर अपघाताचं अक्षर नव्हतं. एका भाज्या चिरायच्या यंत्राची जाहिरात चालली होती.

"बातमी नाही," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

"नसणारच," नर्सबाई म्हणाल्या. "आधी घरच्यांना कळवतात. मग बाकीच्यांना."

एवढ्यात टेबलावरचा कोशकारांचा मोबाइल वाजला. नर्सबाईंनी तो उचलला आणि बाल्कनीत नेला. फोनवर संपादक होते, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला वाटतं तसं त्यांना जगच बहिरं वाटत होतं.

"निघाले का ते?" संपादक गरजले. "त्यांना सांगा, मी सगळं थांबवून धरलंय! पण कापलेलं आता पुन्हा जोडणं कठीण आहे, म्हणावं! तुकडे कुठे कुठे गेलेत, ते शोधावे लागतील!"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत नर्सबाईंना कधी भोवळ आली नव्हती. त्या बाल्कनीतल्या कुंडीवर बसल्या.

"कुणाचा फोन?" आतून बायकोनं विचारलं.

"राँग नंबर," नर्सबाई म्हणाल्या, आणि कठडा धरून थोडा वेळ तिथेच बसून राहिल्या.

इकडे प्रेसमध्ये कोशकारांनी लढाई जिंकली होती. विमानाचं चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं लहान झालं, 'प्लेन' आपल्या जागी परत आलं, आणि संपादकांनी "कॉम्प्लेन असताना हे कशाला हवं?" असं विचारल्यावर कोशकारांनी "धाकटा नोकरीला लागला म्हणून थोरल्याला घराबाहेर काढतात का?" असं सुनावलंही. त्या खुशीत त्यांनी आपल्या पायांकडे पहिल्यांदा पाहिलं. तरीही ते शीळ घालतच घरी आले.

फाटकाजवळच्या फळ्यावर ताजी सूचना लागली होती. फळ्यापुढून न वाचता जाणं कोशकारांना जन्मात जमलेलं नव्हतं. 'दुखःद निधन' असा मथळा होता. विसर्ग चुकीच्या घरात जाऊन बसला होता. कोशकारांनी चुकचुकत शेजारचा खडू उचलला, ख पुढचा विसर्ग बोटानं पुसला आणि दु पुढे नेऊन ठेवला. खालच्या ओळीत 'सासुबाई' मधला सु ऱ्हस्व होता, तोही त्यांनी दीर्घ केला. मग एक पाऊल मागे जाऊन त्यांनी सगळी सूचना एकत्र वाचली.

'तिसऱ्या मजल्यावरील कोशकार यांच्या सासूबाईंचे आज विमान अपघातात दुःखद निधन झाले. पाण्याच्या टाकीविषयीची सभा रद्द. लिफ्ट चालू आहे.'

खडू त्यांच्या हातातून गळून पडला. लिफ्ट चालू असूनही ते जिन्यानं धावत सुटले. दुसऱ्या मजल्यावर चप्पल निसटली ती तिथेच राहिली.

दार उघडंच होतं. खुर्च्यांवर बिल्डिंगमधली माणसं बसली होती. बायकोनं मान वर करून पाहिलं आणि ती त्यांच्या गळ्यात पडली. कोशकारांच्या तोंडून शब्द फुटेना. ज्या माणसाच्या घरात शब्दांची पोती भरलेली होती, तो माणूस नुसता "मी... मी..." करत राहिला.

"मीच म्हटलं विमानानं या," ते शेवटी म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. "त्या म्हणत होत्या बसनं येते. मीच म्हटलं! स्टँडवर पहाटे आणायला जायचा कंटाळा म्हणून म्हटलं!"

त्यांना असं रडताना कुणी पाहिलेलं नव्हतं. नर्सबाईंनी त्यांचीही नाडी धरली.

"तुम्ही बघितलंत त्यांना?" बायकोनं विचारलं.

"मी? मी कुठे बघितलं? मी आत्ता फळ्यावर वाचलं!"

बायको त्यांच्यापासून बाजूला झाली.

"मग तुम्ही गेला होतात कुठे?"

"प्रेसमध्ये. पण तुम्हाला हे कुणी कळवलं?"

"कुणी म्हणजे?" नर्सबाई म्हणाल्या. "तुम्हीच! प्लेन गेलं, प्लेन गेलं म्हणून ओरडत होतात. विमानापायी गेलं म्हणालात. म्हातारं झालं म्हणून काय जगायचं नाही का, म्हणालात. मी या कानांनी ऐकलंय."

कोशकार डोळे पुसता पुसता थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. मग ते हसले. आधी थोडं, मग पोट धरून. "अहो, तो शब्द! तो शब्द गेला होता! जुना शब्द आहे, प्लेन! विमानाच्या चित्रासाठी संपादकांनी तो कापला होता, मी परत बसवून आलो! आई सुखरूप आहेत!"

खोलीत एकटे तेच हसत होते.

"आणि दादा?" बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "दादानं काचेतून काय बघितलं? त्यालाही शब्दच दिसला का जाताना?"

कोशकारांचं हसू जागच्या जागी विरलं. "दादा काय म्हणाला?"

तिनं सांगितलं. डोळ्यांदेखत गेलं. काही करता आलं नाही. चूक माझीच. कोशकार खाली बसले. एका शब्दाचे दोन अर्थ असतात हे त्यांना माहीत होतं, पण यातून दुसरा अर्थ काही केल्या निघेना. त्यांनी दादाला फोन लावला, बंद. त्याच्या घरच्या फोनवर लावला, नुसताच वाजत राहिला. मग विमान कंपनीच्या चौकशीचा नंबर लावला. तिथे एक बाई गोड आवाजात थांबायला सांगून गेली आणि बासरी सुरू झाली. सगळी माणसं श्वास रोखून ती बासरी ऐकत बसली. बायकोनं नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांची बोटं पांढरी पडली.

बासरी थांबली. "ते विमान वेळेवर उतरलंय सर," आवाज म्हणाला.

"उतरलं!" कोशकार ओरडले. सेक्रेटरींनी लगेच एक खुर्ची मिटली.

"पण तुम्ही सांगता त्या प्रवासी विमानात नव्हत्या."

"नव्हत्या म्हणजे? मग मधे कुठे गेल्या?"

"मधे कुणी उतरत नाही सर. त्या चढल्याच नाहीत."

सेक्रेटरींनी खुर्ची पुन्हा उघडली. नर्सबाईंच्या मनात हॉस्पिटल आलं, ते त्या बोलल्या नाहीत, पण बायकोनं त्यांच्या तोंडावर वाचलं. "तिला चक्कर आली असेल," ती पुटपुटली. "तिथे विमानतळावरच. म्हणून दादा म्हणाला, एकटीला सोडायला नको होतं." तिनं पर्स उचलली, पायात चपला घातल्या. कुठे जायचं ते तिलाही माहीत नव्हतं. कोशकार तिच्या मागोमाग उठले.

आणि तिचा फोन वाजला. दादा होता.

"अगं, बॅटरी गेली होती. आत्ता घरी येऊन चार्जिंगला लावला. वाटेत काय ट्रॅफिक होता, विचारू नकोस."

"आई कुठेय?" ती किंचाळली.

"ही काय, पुढ्यात बसलीय. रुसून. सकाळी तू काय बोललीस तिला? सगळा राग त्या काउंटरवर काढला तिनं. खिडकीजवळची जागा दिली नाही म्हणून मॅनेजरकडे गेली तक्रार करायला. मला म्हणाली, तू गाडी नीट लावून ये. मी येऊन बघतो तर ही मॅनेजरच्या केबिनमध्ये! तो बिचारा ऐकतोय, ही सांगतेय. जागेवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून घरावर. दार उघडून आत जाईपर्यंत केबिनच्या काचेपलीकडून प्लेन गेलं. मी सांगितलं ना तुला, डोळ्यांदेखत गेलं म्हणून?"

बायको मटकन जमिनीवर बसली. फोन तिनं छातीशी धरला आणि पुन्हा रडायला लागली, पण या रडण्याचा आवाज वेगळा होता. खोलीतल्या प्रत्येकाला तो कळला. नर्सबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि कोशकारांना म्हणाल्या, "यापुढे तुमचे शब्द जरा हळू आवाजात वापरत जा." सेक्रेटरी फळा पुसायला खाली निघाले. दारातून वळून म्हणाले, "सभा मात्र रद्दच ठेवतो. आता कुणात त्राण नाही."

सगळे पांगल्यावर सासूबाई फोनवर आल्या. झाला प्रकार त्यांना दादानं तोवर सांगितला होता.

"कोण कोण रडलं?" त्यांनी विचारलं.

"सगळे रडले गं."

"जावई?"

"ते तर सगळ्यांत जास्त."

"दे त्यांना फोन."

कोशकारांनी घसा साफ केला. सासूबाईंशी त्यांचं बोलणं आजवर 'कशा आहात' आणि 'हिला देतो' यांच्यातच आटोपत असे.

"काय हो तो शब्द?" सासूबाई म्हणाल्या. "ज्याच्यापायी मला मारलंत?"

कोशकारांनी भीतभीत सुरुवात केली. शब्द मुळात जुन्या रोमन लोकांचा, ते म्हणाले. त्याचा पहिला अर्थ नुसता मारणं, आपटणं. मग माणूस गेलं की लोक छाती पिटायचे, त्याला तो शब्द लागला. मग फ्रेंचांच्या घरी राहून तो इंग्रजांकडे आला, तोवर छातीवरचे हात खाली आले होते, नुसतं रडणं उरलं होतं. पुढे रडणंही आटलं आणि कुरकुर उरली. कोर्टात दावा लावणाऱ्याला इंग्रजीत 'प्लेंटिफ' म्हणतात, तो शब्दही यातलाच. म्हणजे वादी हा मुळात रडणाराच.

कोशकारांनी फोन कानापासून दूर धरून बघितला.

"आई? आहात ना?"

"आहे. सांगा तुम्ही."

"झालं. पुढे तक्रारीला दुसरा शब्द मिळाला, त्याच घराण्यातला, आणि हा बिचारा मागे पडला."

"म्हणजे आधी रडणंच होतं ते," सासूबाई सावकाश म्हणाल्या.

"हो. मुळात रडणंच."

"आणि ऐकणाऱ्याला त्याची तक्रार कधीपासून वाटायला लागली?"

असा प्रश्न कोशकारांना संपादकांनीसुद्धा कधी विचारला नव्हता. शेल्फावरच्या एवढ्या कोशांकडे त्यांनी नजर टाकली. एकातही हे उत्तर नव्हतं, हे त्यांना न उघडताच कळलं.

"आता आईला काय झालं?" बायकोनं बाजूनं विचारलं. तोंड धुऊन ती येऊन उभी होती. "आता कसली तक्रार आहे तिची?"

"तक्रार नाही," कोशकार म्हणाले आणि फोन तिच्या हातात दिला. "तू ऐक फक्त."

तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसली, फोन कानाला लावला आणि म्हणाली, "बोल आई."

सुरुवात मॅनेजरनं दिलेल्या चहापासून झाली. चहा गार होता.

"मग?" मुलगी म्हणाली. "मग पुढे काय झालं?"